परबांचे वरचे वीस टक्के

कोपरखैरण्याच्या आमच्या इमारतीतली लिफ्ट पाच माणसांची आहे. तशी पाटीच आहे. पण आत परब असतील, तर ती चारच माणसांची होते. पाचवा आला की परब हात आडवा घालतात. "ऐंशी टक्के झाले. तुम्ही पुढच्या फेरीला." मी हिशेब करून पाहिला. पाचात चार म्हणजे बरोबर ऐंशी. त्यामुळे भांडताही येत नाही.

परब माझ्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. उभी नोकरी महाप्याच्या एका कारखान्यात कन्व्हर्टर बनवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. तेव्हापासून त्यांच्या जगाला दोनच हद्दी आहेत. "ऐंशीच्या वर हाव, विसाच्या खाली पाप. कदम, बॅटरी म्हणजे पोट. तुडुंब भरलं तरी बिघडतं, रिकामं ठेवलं तरी बिघडतं."

आमच्याकडे चहा घेतात तोही कप वरून दोन बोटं रिकामा ठेवून. हिने एकदा मुद्दाम काठोकाठ भरून दिला, तर त्यांनी वरचा चहा माझ्या कपात ओतला आणि मगच तोंडाला लावला.

फास्ट चार्जरचं तर नाव काढायचं नाही. "तो पंगतीतला आग्रह. माणूस जेवतो खूप, पण जातो लवकर." त्यांचा खरा जीव कन्व्हर्टरवर. "बॅटरी साडेतीनशे व्होल्टची आणि हॉर्नला लागतात बारा. थेट जोडलं तर जळून जाईल. मधे कन्व्हर्टर निमूट बसलेला असतो. दाब सगळा स्वतः सोसतो आणि पलीकडच्याला झेपेल तेवढंच देतो."

असा हा माणूस दर शनिवारी गाडी चक्क शंभर टक्के भरतो. रविवारी सकाळी अकरापर्यंत फोन घेऊन बाल्कनीत बसतो आणि अकरा वाजले की खाली येऊन पुकारा करतो, "वरचे वीस उतरवायचेत. कोण येतंय?" भरलेली बॅटरी नुसती उभी ठेवली की खराब होते म्हणे.

इमारत या उतरवणीला सरावली आहे. तळमजल्यावरच्या म्हात्रेआजी पिशवी घेऊन तयारच असतात. "परबा, मना बोनकोड्याला सोर. येक टक्क्याचं काम हाय." आमची ही जुईनगरला बहिणीकडे डबा पाठवायचा तर रविवारच गाठते.

आधी भरायचं कशाला आणि मग उतरवायचं कशाला, हे कुणी विचारत नाही. फुकट फेरीला कोण विचारतो? मी विचारलं. "सगळे सेल समान करायला लागतात," परब म्हणाले. "गाडीच्या पुस्तिकेत आहे." मी पुस्तिका मागून आणली आणि वाचली.

गेल्या रविवारी मला मिक्सर दुरुस्तीला सीवूड्सला न्यायचा होता. दोन फेऱ्या आधीच झाल्या होत्या. मी शेजारी बसलो आणि विषय काढला. "परब, पुस्तिकेत महिन्यातून एकदा लिहिलंय. तुम्ही दर आठवड्याला भरता."

नेरूळच्या सिग्नलला त्यांनी गाडी थांबवली. मग म्हणाले, "इथून सातारा सव्वादोनशे किलोमीटर. टक्क्याला अडीच धरा."

मी धरले. नव्वद टक्के. म्हणजे ऐंशीवर निघून पोचता येत नाही.

साताऱ्याला त्यांची मुलगी रश्मी असते. सात महिन्यांपूर्वी तिला मुलगा झाला, तेव्हा परब आठ दिवस जाऊन राहिले. त्या आठ दिवसांत ते दर पाजण्याला बाळंतिणीला सांगत होते, "पोटभर नको. ऐंशीला थांब." नवव्या दिवशी रश्मी म्हणाली, "बाबा, आता मी बोलावेन तेव्हाच या."

"ती आईला रविवारी सकाळी फोन करायची," परब म्हणाले. "बोलावलं आणि गाडीत नसलं, तर?" सिग्नल सुटला तरी त्यांनी गाडी हलवली नाही. मागच्याने हॉर्न मारला. "ही होती तोवर माझं बोलणं हिच्यातून जायचं. पोरीपर्यंत बाराच पोचायचे. आता थेट जातं."

गाडी हलली तसा मी मांडीवरचा मिक्सर सावरला. सीवूड्स आलं आणि गाडीच्या पडद्यावर नाव उमटलं. रश्मी.

"बाबा, उद्या बाळाचं उष्टावण आहे. मामा तर नाही त्याला. पहिला घास तुम्हीच भरवायचा."

परबांनी गाडी कडेला घेतली. "भरवतो."

"किती ते मी सांगेन."

"तू म्हणशील तेवढं," परब म्हणाले.

पडद्यावर शहाऐंशी टक्के होते. "उद्याचं आहे," मी म्हणालो. "घरी लावा, दोन तासांत भरेल."

"दोन तास?" म्हणत त्यांनी गाडी थेट मॉलच्या तळघरात घातली, फास्ट चार्जरसमोर. वरचे टक्के फास्टवरही रेंगाळतच चढतात, हे मला परबांनीच शिकवलं होतं. पण आठवण करून दिली नाही. ते बॉनेटवर हात ठेवून आकडा बघत उभे होते.

"तापतेय," मी म्हणालो.

"तापू दे."

शंभर झाले. त्यांनी प्लग काढून जागेवर लावला, गाडीत बसले आणि निघाले. मी मिक्सर घेऊन तिथेच उभा होतो. मिक्सर दुकानात टाकून रिक्षाने घरी आलो.

संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. "पोहोचलो. दहा उरले."

विसाच्या खाली. त्याबद्दल एक अक्षरही नव्हतं.