हॅरोबीचे दामलेकाका

अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरीत गुडघाभर बर्फ साचलेलं असतं, आणि शेजारचे दामलेकाका हातातलं फावडं थांबवून मला सांगतात, "आमच्या हॅरोबीत आज नुसतं ड्रिझल आहे. बदकं खूश असतील."

हॅरोबी हे इंग्लंडमधलं खेडं. एक चर्च, एक पब, एक तळं. काका मूळचे साताऱ्याचे, पण इथल्या मराठी मंडळात कोणी "कुठले तुम्ही?" विचारलं की उत्तर हॅरोबीच. कुणाच्या तरी नव्या जावयानं विचारलं, "हे सांगलीकडे येतं का?" काका म्हणाले, "सांगलीत तेराव्या शतकातलं चर्च आहे का?"

तरुणपणी काका-काकू तिथे दोन वर्षं राहिले. काकू जवळच्या हॉस्पिटलात डॉक्टर, काका ट्रॅक्टरच्या कारखान्यात. दोन वर्षांचं एवढं कसलं वेड, म्हणून आम्ही हसायचो. मी तर काकांची नक्कल करायचो. काकू गेल्यावरही थांबलो नाही.

हॅरोबीच्या इतिहासमंडळाची सभा शनिवारी ऑनलाइन असते. काकांना कॉम्प्युटर जमत नाही, म्हणून मी शेजारी बसतो. तिथेही ते गावकऱ्यांना दुरुस्त करतात. "मॅडम, लोहार तळ्याच्या पलीकडे होता. मी त्याच्याकडून सायकल रिपेअर करून घेतलीय." शेवटी अध्यक्षबाईंनी मला हळूच कळवलं होतं, फार लांबले तर त्यांचा आवाज बंद करत जा.

या मार्चमधल्या सभेत ठरत होतं, की चर्चच्या दफनभूमीतला जुना कोपरा मधमाश्यांसाठी सोडायचा, तिथलं गवत कापायचं नाही. सगळ्यांना पसंत होतं. काका म्हणाले, "ती भिंत आधी दोन फूट उंच होती..." मी सवयीनं आवाज बंद केला.

काका बोलत राहिले. "त्या भिंतीखाली आमची मुलगी आहे. आमच्यात तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत. तुमच्या पाद्र्यांनी जागा दिली. दगड बसवायला माझी बायको तयार नव्हती. गवत वाढलं तर जागा सापडणार नाही."

काका-काकूंना मूल नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं.

पडद्यावर कोणी चहा पीत होतं. अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, "मिस्टर दामले, तुमचा आवाज येत नाहीये."

मी आवाज सुरू केला.

"काय रे, ऐकू नाही गेलं त्यांना?"

"नाही काका. मीच बंद केला होता."

ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मग तूच सांग. मला परत नाही जमणार."

मी सांगितलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "तिचं नाव काय?"

"बारशाआधीच गेली," काका म्हणाले.

"तेवढं गवत आम्ही कापत राहू. किती जागा लागेल?"

काकांनी दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले. तळव्यांमध्ये जेमतेम हातभर अंतर होतं. त्यांनी हात बराच वेळ तसेच धरून ठेवले.