आमरीच्या अखंड दिव्याची बखर

श्री. सूर्यनारायण साक्ष, लिहिणाराची जीभ तिखट, परी खोटी नव्हे. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, आषाढमासी ऐसे घडले जे, शेजारच्या राज्याने वीस मजल्यांचा बुरूज उभारिला आणि आईसाहेब सगुणाबाईंच्या महालातले ऊन तोडिले. कैलासवासी थोरल्या महाराजांनी आपले हाते लाविलेली आमरी, जीस हल्लीची मंडळी ऑर्किड म्हणतात, तेवढीच त्यांची खूण मागे उरली होती, तीही अंधारात सुकू लागली. मग चिरंजीव सुहासराव स्वार होऊन बाजारी गेले आणि झाडास उन्हाऐवजी जांभळा दिवा घेऊन आले, आणि तो लावताच ऐसा रंग पसरला की आईसाहेब किंचाळल्या, “अरे घोड्या, आईची खोली आहे की तमाशाचा तंबू?” आणि दिवा हद्दपार केला. मग मोठा पिवळा बल्ब आणविला, तो ऐसा तापला की एक पान पापडासारखे भाजले, आणि तोही हद्दपार जाहला. मग सूनबाई केतकीबाईंनी पांढरा एलईडी पसंत करून हातभर उंच टांगिला, आणि पाने गार राहिली. आईसाहेबांनी बटणावर चिकटपट्टी डकवून हुकूम सोडिला, “महाराजांच्या नावाचा दिवा आहे, अखंड तेवेल. हात लावील त्याची गाठ माझ्याशी!”

मग महिना लोटला, फूल तर नाहीच, पाने पिवळी पडून गळू लागली. एके दिवशी दिवेलागणीस आईसाहेब देवळातून परतल्या तो खोलीत काळोख, चिकटपट्टी फाटलेली आणि सूनबाईंचे बोट बटणावर! आईसाहेबांचे हातून तबक सुटले.

“विझवलास? यांचा दिवा विझवलास?”

सूनबाई हटल्या नाहीत. “आई, झाड रात्री निजतं. तुमच्या डोळ्यांवर महिनाभर उजेड धरला, तर तुम्ही फुलाल का?”

ऐसे उद्धट वचन या राज्यात कोणी उच्चारिले नव्हते. सुहासराव मोरीत दडले. आणि आईसाहेबांस आठवले, इस्पितळात थोरले महाराज अखेरीस डोळ्यांवर टॉवेल ओढून रोज विनवीत, “सगुणा, तेवढा दिवा मालव गं,” आणि तिथे कोणी मालवू देईना. त्यांनी चिकटपट्टीचा उरला तुकडा खरवडून काढिला आणि बोलल्या, “हो बाजूला. उद्यापासून मी निजवीन त्याला.”

मग रोज तिन्हीसांजेस आईसाहेब स्वहस्ते बटण दाबू लागल्या आणि कार्तिकात एक हिरवे पान फुटले. फूल अद्याप नाही.

एवंच, दोन दिवे हाकलिले, तिसरा राखिला, एक पान भाजले आणि सून जिंकली. परी शेवटचे कलम आईसाहेबांसमोर वाचू नये.