सिनेमात नसलेला खेचरवाला

"मादाम, आपल्या पुस्तकाचा सिनेमा आलाय!" तिसऱ्या मजल्यावरची उम् रबीह दारातूनच ओरडली, आणि शेगडीवरची मादाम ओडेट यांची कॉफी उतू गेली.

"कुठल्या पुस्तकाचा?" मादामनी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती. अश्रफिये मोहल्ल्यातल्या त्या पाच मजली इमारतीचं 'आपलं' म्हणावं असं एकच पुस्तक होतं.

"कुठल्या काय विचारता? राणीच्या! मिठाच्या बेटावरच्या! तो दिवे पिणारा अजगर नाही का? अख्खी बिल्डिंग जाणार आहे. अबू नाजीने व्हॅनसुद्धा ठरवली."

"वा," मादाम म्हणाल्या, आणि मटकन खुर्चीत बसल्या.

लढाईच्या वर्षांत वरून तोफगोळे पडू लागले की सगळी इमारत तळघरात उतरायची. तिथे वाचायला एकच पुस्तक होतं, चारशे पानांचं फ्रेंच बाड. ते खाली कुणी आणलं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मादाम शाळेत फ्रेंच शिकवायच्या, त्यामुळे वाचायचं काम आपोआप त्यांच्या गळ्यात पडलं. मेणबत्तीच्या उजेडात त्या डोळ्यांनी फ्रेंच वाचत आणि तोंडाने अरबी सांगत. इतपत सगळं ठीक होतं. पण पुस्तकाला पानं चारशे होती आणि लढाईला पानांचा हिशेब नव्हता. पहिल्याच हिवाळ्यात अजगर मेला, राणी जिंकली आणि पुस्तक संपलं. वर गोळे पडतच होते. खाली वीस माणसं मादामच्या तोंडाकडे बघत होती.

मादामनी शेवटचं पान शांतपणे उलटलं, गुपचूप पुन्हा पहिलं पान काढलं, आणि त्यावर नजर ठेवून पुढची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती सात वर्षं चालली. कुणाला पत्ता लागला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आता मूठ उघडली असती तरी मादामना एवढं वाईट वाटलं नसतं. लोक हसले असते, झालं. पण त्या मुठीत हियाम होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या हियामचा नवरा अदीब सफरचंदांचा व्यापारी होता. माल आणायला म्हणून तो डोंगरापलीकडच्या खोऱ्यात गेला, तो आलाच नाही. निरोप नाही, प्रेत नाही, काही नाही. हियाम तळघरात भिंतीकडे तोंड करून बसायची आणि कुणाशी चकार शब्द बोलायची नाही. एका संध्याकाळी मादामनी गोष्टीत एक खेचरवाला घातला. अदीबसारखाच उंच, बेसूर गाणारा, कुठेही उशिराच पोचणारा, खेचरांवर सफरचंदांच्या टोपल्या लादून खिंड ओलांडणारा. त्या संध्याकाळी हियामने पहिल्यांदा भिंतीवरून तोंड वळवलं. मग खेचरवाल्याला मारायची सोय उरली नाही, आणि त्याला घरी आणायची मादामची छाती होईना. म्हणून तो वर्षानुवर्षं चालतच राहिला. आणि आता हियाम थेटरात जाऊन बसणार, आणि ज्याच्या आधाराने तिने ते दिवस काढले तो पुस्तकात कधी नव्हताच हे तिला सगळ्यांसमोर कळणार.

त्यांनी उम् रबीहला सांगून पाहिलं, "सिनेमा अगदी टाकाऊ आहे म्हणे."

"मग तर गेलंच पाहिजे. शिव्या घालायला आपल्याशिवाय कुणाला हक्क आहे?"

मग त्यांनी पाठदुखी काढली. सगळ्यांनी एकमताने ठरवलं की मादामशिवाय जायचं नाही, पुढच्या रविवारी जाऊ. त्या आठवड्यात बातमी किनाऱ्यावरच्या जुनीयेपर्यंत पोचली, डोंगरापलीकडच्या जाहलेपर्यंत पोचली. तळघरात ज्यांनी लंगोट ओले केले ते आता टकले होऊन बायकामुलांसकट यायला निघाले. व्हॅनची बस झाली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशातली गत.

शेवटचा उपाय म्हणून मादाम हियामच्या दारात गेल्या.

"हियाम, तू नको येऊस गं. थेटरात थंडी फार. गर्दी, आवाज. तुला सोसायचं नाही."

हियामने दार पुरतं उघडलं. तिने केस रंगवून, कुरळे करून घेतले होते. इतक्या वर्षांत तिला असं कुणी पाहिलं नव्हतं.

"छान दिसतायत केस," मादाम कसंबसं म्हणाल्या.

"उगीच केले," हियाम म्हणाली. "सगळे भेटणार ना." आणि ती लाजली. साठीची बाई लाजलेली बघून मादामना जिना उतरवेना.

रविवारी दुपारी बस भरली. अबू नाजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, कारण आजूबाजूच्या चार गल्ल्यांना जनरेटरची वीज तोच पुरवतो आणि पुढे बसायचा हक्क त्याला जन्मजात आहे. थेटरात सगळ्यांनी दोन रांगा अडवल्या. मादामनी कोपरा धरला होता, पण हियाम नेमकी त्यांच्याच शेजारी येऊन बसली.

पडद्यावर राणी आली. काडीसारखी पोरगी, गवतासारखे केस.

"ही राणी?" उम् रबीह म्हणाली. "हिला आधी कुणीतरी जेवायला घाला."

"राणी सावळी होती," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"काहीतरीच! गोरी होती. पण अशी धुतलेली नव्हती."

"तिला हनुवटी दोन होत्या. मला चांगलं आठवतंय."

"त्या माझ्या आईला होत्या, गाढवा," उम् रबीहचा टकला मुलगा रबीह म्हणाला, आणि अख्खी रांग हसली. पुढे बसलेली तरुण मंडळी मागे वळून 'श्श' करू लागली. अंधारात भांडण मात्र चालूच राहिलं. वीस जणांच्या डोक्यात वीस राण्या होत्या, आणि पडद्यावरची एकविसावी कुणाच्याच ओळखीची नव्हती.

मग अजगर आला. चकचकीत, निळसर, मुकाट. त्याने एकामागून एक दिवे प्यायले आणि सगळं बेट काळोखात गेलं.

"हॅ," अबू नाजी म्हणाला. "ह्याचा आवाज कुठेय? आपला अजगर यायचा तेव्हा आधी छताची माती पडायची. मेणबत्त्या विझायच्या. जमीन हलायची."

यावर कुणी हसलं नाही. त्या वेळी जमीन का हलत होती हे सगळ्यांनाच आठवलं. मादामना वाटलं, एवढे पैसे ओतून, एवढी माणसं राबवून ह्या लोकांना जे जमलं नाही ते आपण एका मेणबत्तीवर केलं. क्षणभर त्यांना अभिमान वाटला, आणि लगेच घामही फुटला. कारण अजगर आता मरायला टेकला होता.

अजगर मेला. राणी जिंकली. दिवे लागले. बाकीचे लोक उठून बाहेर गेले.

अश्रफियेच्या दोन्ही रांगा बसून राहिल्या.

"चला, मध्यंतर झालं," उम् रबीह म्हणाली आणि पिशवीतून झातरचा मसाला लावलेल्या रोट्या काढल्या. थर्मास फिरू लागला. अबू नाजी भोपळ्याच्या बिया सोलू लागला. मादामनी आपली रोटी तशीच रुमालात गुंडाळून ठेवली.

झाडूवाला आला, थांबला. "काका, सिनेमा संपला."

"संपला कसा? अजून बोटी कुठे आल्यात?"

"राणीची बहीण यायचीय!"

"आणि खेचरवाला? खेचरवाला आलाच नाही अजून!" कुणीतरी म्हणालं. मादामनी डोळे मिटून घेतले. शेजारी हियाम हललीसुद्धा नाही.

झाडूवाल्याने मॅनेजरला आणलं. तो टाय लावलेला, पस्तिशीचा, फार सभ्य गृहस्थ होता.

"आम्ही तिकीट पूर्ण घेतलंय आणि तुम्ही गोष्ट अर्धी दाखवलीत," अबू नाजीने खटला मांडला.

"साहेब, मी स्वतः लहानपणी वाचलंय हे पुस्तक. ते इथेच संपतं."

"तू पोरासोरांसाठी छोटं केलेलं वाचलं असशील, हबीबी."

"पूर्ण वाचलंय. त्यात खेचरवाला नाही, बिचरवाला नाही."

"नाही म्हणजे? अरे, ह्या मादाम बसल्यात ना! शाळेत फ्रेंच शिकवायच्या. त्यांनी आम्हाला सात वर्षं वाचून दाखवलंय!"

मॅनेजरने जरा विचार केला. "चारशे पानं?" तो म्हणाला. "सात वर्षं?"

रोट्या तोंडाशीच थांबल्या. सरकारी कचेरीतले कारकून, दोन शिक्षिका, एक वकील, असे त्या दोन रांगांत सगळे शहाणेच होते. हा साधा हिशेब इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात आला नव्हता. हळूहळू सगळ्या माना मादामकडे वळल्या.

मादाम उभ्या राहिल्या. "ऐका," त्या म्हणाल्या. "त्याचं असं झालं की..."

"आमच्या पुस्तकात होता," हियाम म्हणाली.

ती कधी उठली ते मादामना कळलंच नाही. कुरळ्या केसांवरून हात फिरवत ती मॅनेजरकडे सरळ बघत होती.

"मॅडम, पण मी..."

"ते पुस्तक माझं होतं. त्यात काय होतं ते मी तुमच्याकडून शिकू? होता खेचरवाला. उंच होता. गाणं त्याला येत नव्हतं आणि तो गायचा."

मॅनेजरने मान डोलावली आणि कंपनीला कळवतो असं वचन दिलं. अबू नाजीने विजयी मुद्रेने उरलेल्या बिया त्याच्या हातावर ठेवल्या. "बघ, वाचताना लक्ष देऊन वाचावं," असा उपदेशही केला.

सगळे बसची वाट बघत रस्त्यावर पुन्हा राणीच्या रंगावरून भांडत होते. मादाम आणि हियाम थेटराच्या पायरीवर टेकल्या.

"पुस्तक खरंच तुझं होतं?"

"नन्सच्या शाळेत होते तेव्हा घेतलेलं. लग्नाआधी चारदा वाचून झालं होतं."

"म्हणजे तुला सगळं..."

"पहिल्या संध्याकाळपासून. संपल्यावर तुम्ही पहिलं पान काढलंत, ते बघितलं मी."

"तू तर भिंतीकडे तोंड करून बसायचीस!"

"कान भिंतीकडे नव्हते, मादाम. आणि संपल्यावर पुढे काय सांगतात हे बघायला मी मान थोडी वळवली होती."

"मग बोलली का नाहीस गं? किती वर्षं जीव टांगणीला लावलास माझा!"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असतात."

समोर उम् रबीह आपली हनुवटी पुढे करून सगळ्यांना राणीचा चेहरा समजावून देत होती.

"लढाई थांबली ना, त्या दिवशी सगळे रस्त्यावर नाचले," हियाम म्हणाली. "तुम्हीसुद्धा. मी खाली जाऊन बसले होते. वाटलं, आज सगळे येतील, नाहीतर उद्या. पण मग तळघरात कुणी उतरलंच नाही. लढाई थांबायला हवी होती, मलाही हवी होती. पण खेचरवाल्याचं पुढे काय झालं ते राहिलं. तुम्ही त्याला खिंडीत सोडलात. बर्फात. आज वाटलं, सिनेमा बघून तुम्हाला पुढचं सुचेल."

म्हणून तिने केस केले होते. मादामनी तिचा हात धरला. एवढी वर्षं एकाच जिन्यावरून चढता-उतरताना आपण हिला 'बरी आहेस ना' यापलीकडे काही विचारलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"आजच आणते त्याला घरी," त्या म्हणाल्या. "आत्ता, बसमध्ये. अगदी दारापर्यंत आणते."

"नको, नको," हियाम घाईने म्हणाली. "घरी आणू नका. मला खरं वाटायचं नाही. नुसता खिंडीतून खाली उतरवा. तिथं थंडी फार असते."

बसमध्ये मादाम मागच्या बाकावर हियामशेजारी बसल्या. हातात पुस्तक नव्हतं, त्यामुळे बघायचं कुठे हेच त्यांना कळेना. शेवटी खिडकीबाहेर बघत त्यांनी सुरुवात केली. बर्फ थांबला होता, पुढच्या खेचराचा पाय दोनदा घसरला, मग वाट सापडली. पुढच्या बाकांवरचं भांडण हळूहळू बंद पडलं. अबू नाजीने ड्रायव्हरचा रेडिओ स्वतःच्या हाताने बंद केला. समुद्राकाठच्या रस्त्यावर गाड्या नेहमीसारख्या तुंबल्या होत्या, आणि त्या दिवशी बसमधल्या कुणीच हॉर्न वाजवायला सांगितलं नाही.

अश्रफियेचा चढ लागला तेव्हा खेचरं खालच्या पहिल्या अक्रोडाच्या झाडापाशी पोचली होती. मादाम खेचरवाल्याला तिथून गावाच्या दिशेने वळवणार, इतक्यात हियामने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"राहू दे त्याला तिथंच," ती म्हणाली. "उन्हात बसू दे जरा."