म्हातारीची राखण

धप्.

असा आवाज आला पाहिजे. भरलेल्या पिंपावर बोटांची पेरं आपटली की, धप्. फिर्मिन सकाळपासून सगळ्या गल्लीला ऐकवत होता, "चाव्या माझ्याकडे आल्यापासून म्हातारी बोटभरसुद्धा खाली गेलेली नाही. आधीच्या राखणदारांचं मी बोलत नाही. त्यांना लाज असेल तर तेच बोलतील."

त्या पिंपाला गाव म्हातारी म्हणतं. पिंप लहानसंच, पस्तीस लिटरचं, पण एकशेतीस वर्षांत एकदाही रिकामं झालेलं नाही. वाइनच्या जत्रेच्या दिवशी, दुपारी बाराला, गावकीचे चाळीस सभासद तळघरात उतरतात. प्रत्येकाला अंगठ्याएवढा पेला मिळतो. जेवढं काढलं तेवढी नवी वाइन राखणदार वरून ओततो. पण त्याआधी तो सगळ्यांसमोर पिंप वाजवतो. आवाज पोकळ आला तर चाव्या तिथेच काढून घेतात. असं एकदा झालं होतं. तो माणूस खाली शहरात राहायला गेला आणि पुन्हा वर आलाच नाही.

ठण्.

हा आवाज साडेअकराचा. फिर्मिनने पुन्हा वाजवलं. जरा खाली. अजून खाली. पार तळाशी, चार बोटांवर, कुठे धप् लागलं.

"झिता," त्याने जिन्यातून बायकोला हाक मारली. शांतपणे. फारच शांतपणे. मळ्याच्या बांधावरून ट्रॅक्टर खाली गेला होता तेव्हाही तो असाच बोलला होता, त्यामुळे झिता धावतच आली.

"बँडवाल्यांना सकाळी कुठल्या पिंपातली दिलीस?"

"नव्या. पाटी वाचूनच दिली."

पाटी.

(काल संध्याकाळी फिर्मिनने शेजारशेजारच्या दोन्ही पिंपांच्या पितळी पाट्या काढून घासल्या होत्या. आता त्या लखलखत होत्या. एकमेकींच्या जागी.)

"किती दिलीस?"

"सहा सुरया, पाच-पाच लिटरच्या. हात आखडू नकोस असं तूच म्हणालास."

"आणि कोणी काही बोललं नाही?"

"ढोलवाला म्हणाला, जरा आंबट लागते. पण बँडवाले रे ते. पेले विसळलेलं पाणी दिलं तरी 'अजून आहे का' विचारतील."

फिर्मिन पायरीवर बसला. मग उठला. मग नरसाळं शोधायला लागला.

"काय करतोयस?"

"भरतोय."

"कशाने?"

त्याने नव्या पिंपाकडे पाहिलं. गेल्या वर्षीची वाइन. त्याच्याच मळ्यातली.

"फिर्मिन, लेओकादी आत्या एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. सत्तर वर्षं म्हातारी चाखतायत. जिभेवर टेकवताच कळेल त्यांना."

"मग तू त्यांना बाहेर बोलण्यात गुंतव."

"त्या मला गुंतवतात."

एक सुरई ओतली. दुसरी. बाहेर बँड वाजायला लागला, म्हणजे मिरवणूक चौकातल्या कारंज्यापाशी आली. तिसरी. घाईत थोडी बुटात गेली. चौथी. बँड बेसूर वाजत होता आणि त्याचं कारण गावात फक्त दोघांना ठाऊक होतं. पाचवी. दारावर काठी वाजली. सहावी ओतून त्याने पाट्या बदलल्या, नरसाळं कोटाच्या आत खुपसलं आणि दार उघडलं.

धप्.

चाळीस माणसांनी ऐकलं. गावकीचा प्रमुख कांदिद समाधानाने मान हलवून म्हणाला, "भरलेली आहे. ओत." पहिला पेला नेहमीप्रमाणे आत्यांचा.

आत्यांनी पेला ओठाला लावला. डोळे मिटले. फिर्मिनच्या बरगड्यांत नरसाळं रुतत होतं, पण त्याने श्वासच घेतला नव्हता, त्यामुळे फारसं कळलं नाही.

आत्यांनी डोळे उघडून थेट त्याच्याकडे पाहिलं.

"अजून एक दे," त्या म्हणाल्या.

दुसरा पेला आजवर कोणी मागितलाच नव्हता. रीत अशी होती की एक घोट घ्यायचा, चेहरा सरळ ठेवायचा, 'अजून ताठ आहे हो म्हातारी' म्हणायचं आणि घाईघाईने वर जाऊन पावाचा तुकडा चावायचा.

कांदिदने स्वतःचा पेला चाखला. मग तळाकडे पाहिलं. "यंदा मुरलीय," तो म्हणाला. "एकशेतीस वर्षांनी मुरलीय. मलाही अजून एक. आणि हे अंगठ्याएवढे पेले कसले, वरून नीट पेले आणा कोणीतरी."

"कांदिद, रीत आहे," फिर्मिन पुटपुटला.

"राखणदार म्हणजे असा पाहिजे," कांदिद सगळ्यांना म्हणाला. "देताना जीव तुटतोय बघा त्याचा."

आणि तेव्हा, तिसऱ्यांदा पेले भरता भरता, म्हातारी इतकी वर्षं कशी टिकली हे फिर्मिनला कळलं. कोणी राखली म्हणून नाही. ती कोणाच्याच घशाखाली उतरत नव्हती म्हणून.

ठण्.

पावणेदोनला तोटीतून शेवटचा थेंब पडला आणि फिर्मिनने पिंप वाजवलं. पण ऐकायला कोणी भानावर नव्हतं. त्याआधीच हात वर करून ठराव झाला होता की चाव्या मरेपर्यंत फिर्मिनकडे. आत्यांना दोघांनी धरून जिना चढवला. जाताना त्यांनी त्याचा गाल थोपटला. "पोरा," त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही हीच घाल."

झिता जिन्याच्या तोंडाशी उभी होती. "वाचलास?"

"मी वाचलो," फिर्मिन कोटातून नरसाळं काढत म्हणाला. "म्हातारी गेली."