निकम काकांची खोटी छावणी

निकम काका घरात एकटे राहत, पण त्यांच्या दाराबाहेर चपलांचे सात जोड असत. त्यातले दोन बायकी, एक लहान मुलाचा. रोज सकाळी काका ते इकडचे तिकडे करत, एखाद्याला मुद्दाम चिखल फासत. मी विचारलं तर म्हणाले, "सिव्हिलियन, आपलं बळ किती ते शत्रूला कळता कामा नये!"

आता विरारला, फुलपाड्यातल्या आमच्या चार मजली इमारतीवर कोण शत्रू चाल करून येणार होता, देव जाणे! पण काकांची हयात त्यातच गेलेली. फौजेत त्यांचं काम खोटे रणगाडे बांधायचं. बांबू, गोणपाट आणि रंग, बस्स. खोट्या तंबूंपुढे चुली मात्र खऱ्या पेटवायच्या, धूर दिसला पाहिजे. लढाईत एकदा शत्रूच्या विमानांनी त्यांच्या गोणपाटावर धडाधड बाँब टाकले आणि खऱ्या तोफा पलीकडच्या झाडीत सुखरूप राहिल्या. "आहे ते झाकायचं, नाही ते दाखवायचं! समजलं?" असं म्हणून ते मांडीवर थाप मारत. माझ्या मांडीवर.

काका साताऱ्याकडचे. काकी वारल्या होत्या, मुलगी शालू नागपूरला दिलेली. तिचं लहानपण त्यांनी पाहिलंच नव्हतं. ते सरहद्दीवर, ती गावी. दिवाळीला तिचं एक पत्र यायचं. त्याबद्दल काका चकार शब्द काढत नसत.

नव्वदच्या दशकाची अखेर. तेव्हा मे महिन्यात आमची इमारत ओस पडायची, सगळे कोकणात आपापल्या गावी. आदल्या वर्षी चोरांनी नेमकी तीच वेळ साधून दोन घरं धुऊन नेली होती. त्यामुळे आमच्या हिने बजावलं, "संसार उघडा टाकून मी येणार नाही. तुम्ही जा एकटे!" आमच्या लेकीने, पिंकीने, भोकाड पसरलं. काकांनी ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांच्या किल्ल्या गोळा केल्या. "बिनघोर जा. एक वाटी जरी गेली तर मिशा उतरवीन!"

मग काकांनी छावणी उभारली. रोज प्रत्येक गॅलरीत साड्या, लेंगे, झबली वाळत पडू लागली. एका घरात रेडिओ, दुसऱ्यात कुकरच्या शिट्ट्या. शिवाय खिडकीतून हाका, "पिंके, उन्हात जाऊ नको गं!" पिंकी तेव्हा देवगडला आंबे चोखत होती.

चोर फसले की नाही कुणास ठाऊक, पण पोलिओ डोसवाल्या बाई फसल्या. बाई इथल्याच, आगाशीकडच्या. झबली मोजून त्या जिन्यातच ठाण मांडून बसल्या. "आजोबा, सात पोरांचे कपडे हायत, पोरां कुठं दडवली? पानी द्या, पन डोस दिल्याशिवाय मी जानार नाय!"

घरं रिकामी आहेत हे उघड्या जिन्यात कबूल कसं करणार? काकांनी तासभर बाईंना नुसतं पाणीच पाजलं. शेवटी बाईंना आत नेऊन, देवाची शपथ घालून कानात खरं सांगितलं. बाई पदर तोंडाला लावून हसत गेल्या. शपथ मात्र पाळली हो! मला हे कळलं ते पावसाळ्यानंतर, तेही काकांकडूनच.

ऑफिसने रजा कापली म्हणून मी दोन दिवस आधीच एकटा परतलो. भर दुपारी जिना चढलो तर आमच्याच घरातून दणदणीत आवाज. "पिंके, सांडलंस ना दूध!" थेट रस्त्यापर्यंत पोचेल असा. मला हसू फुटलं. दार ढकलणार, तेवढ्यात काकांचा आवाज एकदम खाली आला.

"शालू, जेवलीस का गं बाळ? बस अशी जवळ. आता मी कुठं जात नाही."

मग म्हणाले, "रागावलीस व्हय?"

हे कुठल्या चोराला ऐकू जाणार होतं? दाराशी उभ्या मलाच जेमतेम ऐकू आलं. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाकडे एवढा हळू आवाज होता, हे मला सात वर्षांत कळलं नव्हतं.

मी चपला हातात घेऊन पार तळमजल्यापर्यंत उतरलो. मग बॅग आपटत, मोठमोठ्याने खोकत पुन्हा वर निघालो. तीन मजले चढायला मला इतका वेळ कधीच लागला नव्हता.