सव्वा महिन्याचं पाऊल

संचिताने पंखा बंद केला तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या.

"अगं, माणसं शिजतील!" गोदूबाई ओरडल्या.

"शिजू देत, आई. तडे नकोत."

टेबलावर मातीची वीतभर पाटी होती. खाली लाल मातीचा थर, वर पांढरीचा, आणि पांढरीत सान्वीचं सव्वा महिन्याचं पाऊल. तिचा नवरा दिपेश बोटीवर नोकरीला होता. लेकीला त्याने अजून हातात घेतलं नव्हतं, आणि तो चार महिन्यांनी येईपर्यंत हा पाय एवढासा राहणार नव्हता.

मातीकाम शिकवणाऱ्या क्षितिजाने बजावलं होतं, "वरचा थर आधी वाळला की आकसतो आणि त्याला तडे जातात. ओलं फडकं झाका, वर प्लास्टिक. सावकाश वाळू द्या."

संचिताच्या डोक्यात शिरले ते फक्त तडे. तिने पडदे ओढले, खिडक्या लावल्या. तिसऱ्या दिवशी सान्वीला घामोळं आलं. पंखा लावावाच लागला, मग वाऱ्याच्या धास्तीने संचिता दर तासाला फडक्यावर पाणी मारू लागली.

सहाव्या दिवशी जेसल पार्कहून पेणकरपाड्याला, क्षितिजाकडे, रिक्षा निघाली. सान्वी आजीच्या मांडीवर, पाटी संचिताच्या.

"भैया, धीरे! तडा जाएगा!"

"मॅडम, बच्ची तो उनके पास है ना?"

क्षितिजाने फडकं उचललं. "वा! एक तडा नाही!" मग ती पाटीवर वाकली. "पण पाऊल कुठंय?"

पाण्याने पाऊल विरघळून गेलं होतं. उरली होती पुसट टाच, आणि तिच्यावर ओळीने पाच गोल खळगे.

"हे काय?"

"वाळलंय का बघाया रोज एकदा अंगठा लावायची मी," गोदूबाई म्हणाल्या. "पापडाला लावतो तसा. कडेकडेनंच हां! पण पाच दिवस झाले, वाळतंय कुठं?"

"दुसरं घेऊ या ना," क्षितिजा म्हणाली.

"सव्वा महिना परत कुठून आणू?" संचिता तिथेच रडायला लागली. सान्वीने आईकडे पाहून सूर धरला.

पाटी टाकवेना. क्षितिजाने ती ठेवून घेतली, नीट वाळवली, भट्टीत भाजून दिली. संचिताने ती कपाटात साड्यांखाली दडवली.

चार महिन्यांनी दिपेश आला आणि टॉवेल शोधताना नेमकी तीच त्याच्या हाती लागली.

तो बराच वेळ खळग्यांवरून बोट फिरवत राहिला. डोळे भरून आले होते.

"एवढीशी होती? टाच बघ गं... आणि बोटं तर डिट्टो आईची!"

गोदूबाईंनी अंगठा हळूच पदराआड घेतला.