खळगा पडलेला मांजू

"दर वर्षी माझ्या वाटणीचा मांजू मोठ्या बुद्धापुढे ठेवायचा, नमस्कार करायचा, आणि मग तो तूच खायचा. आणि हो, छत्री न्यायची नाही. त्याच्या डोक्यावर तरी कुठे छप्पर आहे?"

हेइसाकुंनी दवाखान्यातल्या खाटेवरून बायकोला हे बजावलं, तेव्हा फुमिएबाई "बरं" एवढंच म्हणाल्या होत्या. आज हेइसाकुंचं पहिलं वर्षश्राद्ध. देवघरात उदबत्ती लावून, उपाशीपोटीच बाईंनी पिठाच्या पारीत लाल घेवड्याचं गोड सारण भरून गोल मांजू वाफवले. एकावर अंगठ्याने खळगा केला. हेइसाकु तसाच करायचे. "हा माझा, कुणी हात लावायचा नाही!" म्हणायचे.

बुद्धाच्या मंदिराचं फाटक बंद व्हायच्या आत पोचायचं, म्हणून डबा कापडात बांधून त्या दुपारीच निघाल्या. कुंपणाशी शेजारच्या नागासेवहिनी.

"फुमिएताई, यंदा आमच्या झाडाला केशरी काकीफळं फांद्या मोडेस्तोवर लागलीत बघा. घ्या ही पिशवी!"

दिलेलं घ्यायचं आणि रिकाम्या हाताने उभं राहायचं, हे त्या गल्लीत आजवर कुणी केलं नव्हतं. बाईंची जीभ "कशाला उगाच" म्हणेपर्यंत हातांनी डबा पुढे केलाही होता.

"अगंबाई, माझ्यासाठी? वास काय सुटलाय!"

बाई घरात येऊन मटकन बसल्या. नवे करावेत, तर घेवडा रात्रभर भिजायला हवा. फोटोतले हेइसाकु हसत होते.

"हसा! तुम्ही असतात तर कापडसुद्धा देऊन बसला असतात."

फोटो गप्प. वर्षभर प्रत्येक भांडण ते असंच जिंकत आले होते. दर वर्षी दोघं त्या कांस्याच्या बुद्धासमोर बसायची. त्याच्या वाकलेल्या खांद्यांकडे बघत हेइसाकु म्हणायचे, "कुणाची तरी वाट बघतोय बिचारा." आज तो फुकटच वाट बघणार?

लाज गिळून त्या नागासेवहिनींकडे गेल्या.

"डबा? अहो, तेवढ्यात हातानो न्हावी मुळ्यांची जुडी घेऊन आला. त्याला तसाच कसा पाठवू?"

हातानोचं दुकान बंद. बाई पाय ओढत परतल्या, तर हातानो त्यांच्याच दारात उभा.

"काकू, नागासेवहिनींनी मांजू दिले. उघडून बघतो, तर वर खळगा! काका माझ्या खुर्चीत बसून असाच खायचे. आज त्यांचा दिवस ना? मला घास उतरेना."

बाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला. डोळे पुसायला हात मोकळा हवा होता, पण त्या हाताने आधी दाराशी ठेवलेली काकीफळांची पिशवी हातानोला देऊन टाकली.

"छे छे, हे कशाला," म्हणत तो खुशीत गेला.

पाऊस भुरभुरू लागला होता. बाईंनी छत्री उचलली, पुन्हा जागेवर ठेवली. दार किलकिलं केलं, तर समोरून कोपऱ्यावरच्या आजी भलीमोठी कोबी कवटाळून याच घराकडे येत होत्या. बाईंनी दार हळूच लोटलं, डबा छातीशी धरला आणि मागच्या दाराने, पावलं न वाजवता, त्या बुद्धाच्या वाटेला लागल्या.